आत्याचं पेडल

मशीन जुनं होतं, पण मोटर ठणठणीत होती. पायाखालचं पेडलच दाद देत नव्हतं. मी ते उघडलं, वायर तपासली, आतले काळे पडलेले पॉइंट घासून लख्ख केले. मग सुईखाली चिंधी धरून अनवाणी पायानं पेडल दाबलं. सुई जागची हलली नाही.

“कधी चालत तरी होतं का हे?” मी वैतागून विचारलं.

शिवणकाम करणाऱ्या बाई मघापासून दारातच उभ्या होत्या. आत यायचं नाव नाही.

“आत्या होती तोवर चालायचं. तिनंच शिकवलं मला. माझ्या पायावर पाय ठेवायची, हातावर हात. म्हणायची, वेग अंगात मुरला पाहिजे.”

“माझ्याआधी कुणाला दाखवलंत?”

“दोघांना. दोघांनीही चालू केलं.”

खिडकीखाली हत्यारांच्या दोन पिशव्या धूळ खात पडल्या होत्या. कुठलाही कारागीर आपली हत्यारं अशी टाकून जात नाही.

मी पुन्हा पेडल दाबलं. काही नाही. पाय उचलणार, तेवढ्यात माझ्या पावलावर काहीतरी टेकलं. थंड, खरखरीत, भेगाळलेल्या टाचेसारखं. खाली पाहिलं, तर पेडलवर माझा एकट्याचाच पाय होता.

सुई हळूच खाली गेली आणि वर आली. पावलावरचा भार वाढला, तसा वेगही वाढला.

“पाय काढू नका,” बाई दार ओढून घेत म्हणाल्या, “तिला अर्धवट शिकलेलं चालत नाही.”

चिंधीवरच्या माझ्या हातावर दुसरा हात आला, आणि तो मला सुईकडे नेऊ लागला.