देवाप्पाचे हात

“हात द्या त्याला, बायडाबाई. एवढंच मागतोय तो,” पाळक आनंदराव पुन्हा म्हणाले.

बायडाबाईनं हात पदरात आणखी घट्ट गुंडाळले. समोर बाजेवर देवाप्पा पडला होता, नुसता हाडांचा सापळा. निपाणीच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. मरायच्या आधी त्याला एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला हवा होता. पण त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचा रिवाज पक्का. ज्याचा आपण गुन्हा केला, त्याच्या हातात हात दिल्याशिवाय भोजन नाही.

“तसाच मरू दे,” ती म्हणाली. “माझ्या शामूची भाकरी हातातच ऱ्हायली, ती?”

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात तंबाखूची वखार पेटली, तेव्हा तिचा लेक शामू आत होता. वाऱ्यानं तंबाखू उडू नये म्हणून वखारीच्या दाराला बाहेरून कडी घालत. पण आत माणूस असेल तर दार नुसतं लोटायचं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. बायडाबाईची तर हयात त्या वखारीत गेली. त्या दुपारी शामूला भाकरी देऊन ती घरी पोचते न पोचते तोच धूर उठला. दाराला कडी होती.

राखणदार होता देवाप्पा. पोलिसांनी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, “दार माझ्याकडं हुतं.” मग आणखी काय ऐकायचं? तुरुंगात जाऊन आला. त्यानंतर उपासनेला मागं दाराशी बसायचा आणि प्याला आला की न पिता पुढं सरकवायचा.

त्याचे दोन्ही तळवे भाजून आकसले होते. बायडाबाई ते लोकांना दाखवायची. “बघा देवाचा न्याय! ज्या हातानं कडी घातली, त्योच जाळला.” तेवढाच तिच्या जिवाला गारवा मिळायचा.

“आक्का,” देवाप्पा कसाबसा म्हणाला, “मला येळेवर उगडता आलं न्हाय. तेवढी माफी द्या.”

“घालताना बरी घालता आली रं!” ती कडाडली.

पाळकांनी तिला थोपवलं. “न्याय देवावर सोडा, बाई. आपण दुसऱ्याला जी फूटपट्टी लावतो, तीच तो उद्या आपल्याला लावणार.”

“लावू द्या की! मी कुणाचं काय वाईट केलंय? माझं देवाजवळ एकच मागणं हाय. ज्यानं ती कडी घातली, त्याला त्यानं सोडू नये. हितं बी न्हाय आन् तिथं बी न्हाय!”

देवाप्पा धडपडत उठून बसला. “असं बोलू नगा, आक्का! शब्द माघारी घ्या. पाया पडतो तुमच्या.”

“आता का भ्यालास?”

त्याच्या डोळ्यांतली ती भीती बघून बायडाबाईला खरंच बरं वाटलं. इतकी वर्षं ती याचीच वाट बघत होती. ती उठली आणि बाहेर पडली.

वारा सुसाट सुटला होता. ती उंबऱ्याबाहेर चपला शोधत होती, तोच तिच्या पाठीमागं दार आतून धडाधडा वाजलं.

“अहो बायडाबाई!” पाळक ओरडत होते. “आम्ही आत आहोत! कडी कशाला घातलीत?”

“कोण? मी?” ती वळली.

“वरडू नगा, साहेब,” आतून देवाप्पाचा आवाज आला. “वारं सुटलं की आक्काचा हात आपसूक कडीकडं जातोय. त्यास्नी ठावं बी न्हाय. त्या दुपारी बी न्हवतं.”