सहीखालची दोन टिंबं

शाळेच्या फाटकातून आबा आत येताना दिसले आणि लताच्या हातातला टाक दौतीतच राहिला.

ते येणार नव्हते. येऊ नयेत याची तजवीज तिने गेल्या वर्षीच करून ठेवली होती. पालकांच्या मेळाव्याला सही येणाऱ्यालाच आत सोडतात, असं तिने चुलीपाशी बसून, मान वर न करता सांगून टाकलं होतं. आबांनी "बरं" म्हटलं आणि धुऊन ठेवलेली टोपी पुन्हा खुंटीला लावली. तेव्हापासून दुपारी भाकरी खाऊन झाली की ते बागेत बाभळीचा काटा घेऊन केळीच्या खांबांवर काहीबाही ओरखडत बसत. "तुह्या आबाले येड लागलं. लहान पोरावानी केळी कोरता," असं आई, धुरपदाबाई, म्हणायची. लताने ते कधी जवळ जाऊन पाहिलं नाही.

सावद्याच्या त्या शाळेत नववीला मुली चारच. त्यातल्या गुलाबचे वडील लालचंद शेठ. ते खिशातून फौंटन पेन काढून प्रगतिपुस्तकावर सही करत, आणि गुलाब ती सही वर्गभर दाखवत फिरे. लताचे आबा, म्हणजे निंबा चौधरी, अंगठा उठवणारे. त्यांच्या धोतरावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग सोड्यालाही दाद देत नसत. पाचवीत पहिलं प्रगतिपुस्तक मिळालं तेव्हा लताने ते दप्तरातच दडवलं आणि आबांच्या नावाची सही आपणच ठोकून दिली. मोठी माणसं करत असतील तशी. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून मागे वळवलेली आणि खाली दोन टिंबं. ती सही तिला इतकी आवडली की पुढची चार वर्षं तीच चालू राहिली.

आज तिला नेमकं मेळाव्याच्या मांडवाच्या दाराशीच काम दिलं होतं. वर्गशिक्षक तोताराम मास्तर टेबलाशी बसले होते. पालकाने वहीत सही करायची, मग मास्तर त्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक हातात देणार. लताने नुसता टाक पुढे करायचा. आणि वहीच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी, अंगठेवाल्यांसाठी शाईची गादी ठेवलेली.

आबा रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढे शेजारच्या बागेतले पितांबरनाना होते. नानांनी अंगठा गादीवर दाबला, वहीत उठवला, डोक्याच्या केसांना पुसला आणि मुलाचं पुस्तक घेऊन ऐटीत मांडवात गेले. आबांनी ते सगळं पाहिलं. मग त्यांनी लताकडे पाहिलं.

लताची मान खाली गेली ती वर होईना. खोटं बोलताना वाटली नव्हती इतकी लाज आता वाटली. आणि एवढ्यावर भागणार नव्हतं. आबा अंगठा उठवणार, मास्तर पुस्तक उघडणार, त्यात पानोपानी झोकदार सह्या. मास्तर तिला सगळ्यांसमोर विचारणार. कदाचित शाळेतून नावच काढतील.

"या निंबाभाऊ," म्हणत मास्तरांनी गादी पुढे सरकवली.

"टाक दे, बाई," आबा लताला म्हणाले.

ते टेबलावर वाकले. विळा धरावा तसा टाक त्यांनी मुठीत धरला. लताला बघवत नव्हतं; ती नुसती निबाची कुरकुर ऐकत होती. ती बराच वेळ चालली. मागची माणसं खाकरायला लागली. मग एक लांब ओरखडा ऐकू आला आणि त्यापाठोपाठ दोन बारीक ठोके.

तिने मान वर केली. वहीत तिचीच सही होती. शेपटी मागे वळलेली, खाली दोन टिंबं.

मास्तरांनी प्रगतिपुस्तक उघडून वहीशेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "सही मोठी झोकात करता हो," ते म्हणाले आणि पुस्तक आबांच्या हातात दिलं.

मांडवाच्या कनातीआड लताने आबांना गाठलं. शाळेच्या आवारात ती नेहमी पुस्तकी बोलायची. आज ते सुचलंच नाही.

"आबा, तुम्ही सही कवा शिकले?"

"वरीस लागलं, माय. पाटीवरलं पुसलं जाते. केळीवर काट्यानं वढलं का चिकानं काळं पडते. दुसऱ्या दिवशी पाहाले सापडते."

"आन् माह्यं पुस्तक?"

"गेल्या मेळाव्याच्या पयलेच तुह्या दप्तरात पाह्यलं व्हतं. पितांबरच्या पोराच्या पुस्तकात जठी अंगठा हाये, तुह्यात तठी ही सही."

लताच्या डोळ्यांत पाणी आलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "गेल्या साली म्या खोटं सांगतलं, आबा. अंगठेवाल्यायलेबी सोडत व्हते."

"मालूम हाये. पितांबर त्याच दिवशी बलवाले आला व्हता. चाल म्हने, अंगठाबी चालते."

"मंग आले कायले नही?"

आबांनी प्रगतिपुस्तक धोतराच्या डागांना लागू नये म्हणून वर धरलं होतं. ते त्यांनी हळूच तिच्या हातात दिलं.

"आलो असतो त मास्तरनं माह्या अंगठ्याच्या बाजूले तुही सही धरून पाह्यली असती ना, बाई."