आठवा खांब

“चार,” खांबावरचा आकडा वाचून बाबा म्हणाले आणि टोकाला वळून समोरच्या भिंतीकडे निघाले. पुढचा आकडा काय असणार, ते देवयानीला कळून चुकलं.

इंग्लंडच्या हॅम्पशरमधलं ते जुनं फार्महाऊस आज पाडायचं होतं. ओकच्या खांबांचा सांगाडा, मध्ये मातीच्या भिंती. पाडायला हरकत नाही, असा रिपोर्ट देवयानीनेच लिहिला होता. जुन्या इमारतींचं वय ठरवणं ही तिची बेसिंगस्टोकमधली नोकरी, आणि व्हिसा त्याच नोकरीवर.

मागच्या वर्षी ती इथे एकच दुपार होती. कुठला खांब कुठे उभा करायचा ते कळावं म्हणून जुने सुतार त्यांवर पटाशीने रोमन आकडे कोरत. गिलाव्याबाहेर चारच खांब दिसत होते. दाराच्या एका बाजूच्या भिंतीत एक आणि दोन, समोरच्या भिंतीत आठ आणि सात. समोरासमोरचे आकडे जुळायला हवेत, असं तिच्या पुस्तकी डोक्याने धरलं. ते जुळेनात. मग तिने लिहून टाकलं: ठिकठिकाणची जुनी लाकडं जमवून दीडशे वर्षांपूर्वी उभारलेलं घर, जपण्यासारखं काही नाही. थोडा गिलावा खरवडून बघायला हवा होता. पण मग देवयानीबाईंची ट्रेन चुकली असती ना!

आज सगळा गिलावा उतरला होता. बाबा, म्हणजे अवधूत मेस्त्री, कणकवलीहून महिनाभरासाठी आले होते. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, जुनं लाकूड म्हटल्यावर घरी कसा बसेल? डोक्यावर हेल्मेट चढवून ते खांबाखांबावर बोट फिरवत होते. रोमन आकडे त्यांना घड्याळामुळे ठाऊक.

“पाच. सहा. सात. आणि हा आठ!” ते पुन्हा दारापाशी पोचले. “प्रदक्षिणा घातलीय गं त्या सुताराने! आम्हीसुद्धा असेच मोजतो. एक खांब इकडचा तिकडे नाही. सगळं लाकूड याच घरासाठी तासलंय. किती वर्षं झाली म्हणतेस?”

“चारशे तरी,” देवयानी कसंबसं म्हणाली.

बाहेर मशीन घरघरलं. फोरमन तिचाच रिपोर्ट हातात घेऊन आला. “गुड टू गो?”

बाबांनी कव्हरवरचं नाव वाचलं. “हा तुझा कागद? याच्यावरच पाडतायत?”

“हो.”

“आणि चुकला म्हणालीस तर?”

“नोकरी जाईल, बाबा. मग इथे राहताही येणार नाही.”

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी खांबावरचा हात काढून घेतला. “अगं, मी दारं-खिडक्या ठोकणारा माणूस. साहेबाच्या घरातलं मला काय कळतंय! म्हातारा काहीही बडबडतो. तू शिकलेली. तू लिहिलंस तेच खरं.”

आपल्या कामाबद्दल हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. घडवंचीचा एक पाय अर्धं बोट लांब झाला, तर रात्रभर झोपत नसे. आणि आज लेकीसाठी स्वतःला अडाणी म्हणवून घेत होता. देवयानीला भडभडून आलं. फोरमनला त्या मराठीतलं अक्षरही कळलं नव्हतं. ती गप्प राहिली असती, तर कुणालाही कधी कळलं नसतं.

“मशीन बंद करा,” ती इंग्रजीत म्हणाली. “रिपोर्ट चुकलाय. माझ्याकडून.”

फोरमनने रिपोर्ट पुढे केला. “कोण म्हणतं?”

देवयानीने बाबांचा हात धरून त्यांना पुढे आणलं.

“सुतार,” ती म्हणाली.