उशाजवळची श्वासवेल

डिसेंबरात भास्कररावांच्या उशाजवळची श्वासवेल पिवळी दिसू लागली. साठी उलटलेल्या प्रत्येकाला दवाखाना अशी एक वेल देई. माणसाच्या फुफ्फुसात काही बिघडलं, तर त्याच्या श्वासाने तिची पानं पिवळी होत. मात्र कडाक्याच्या थंडीनेही ती तशीच पिवळी पडे.

"नाशिकची थंडी आहे, कुंदा. दुसरं काही नाही," भास्करराव बहिणीला म्हणाले.

कुंदाताईंनी वेल आपल्या खोलीत नेली. पाणी कमी केलं, पानं कोमट फडक्याने पुसली, दिवसभर कुंडी उन्हाच्या खिडकीत ठेवली. तीन आठवड्यांत नवी पालवी फुटली. त्यांनी आनंदाने वेल पुन्हा भावाच्या उशाशी आणून ठेवली. पाचव्या दिवशी ती कोवळी पानंच आधी पिवळी झाली.

"दादा, माझी खोली तुझ्या खोलीपेक्षा गार आहे," त्या हळूच म्हणाल्या.

भास्कररावांनी एक पिवळं पान खुडलं. "मला ऑक्टोबरातच कळलं होतं. तेव्हा कुठे थंडी होती? पिवळं पान दिसलं की मी तू यायच्या आत खुडून टाकायचो."

"आणि मी वेलीला जपत बसले."

"तुझ्याकडे ती हिरवी झाली ना, तेव्हा मलाही वाटलं, थंडीच असेल."

कुंदाताईंनी कपाटातून भावाचा स्वेटर काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हात घाल," त्या म्हणाल्या. "दवाखाना नऊला उघडतो."