नाल्याच्या बशीतला गोल

१९९८ साली हसनाबादच्या बायनाबाईंच्या पायाची जखम जालन्याच्या दवाखान्यात चिघळतच गेली. एकही औषध लागू पडेना.

प्रयोगशाळेतल्या नंदाने जखमेतले जंतू काचेच्या बशीत वाढवले. ते कुठल्याच औषधाला जुमानत नव्हते. दवाखान्यामागच्या नाल्याचं पाणी तिने दुसऱ्या बशीत घातलं, तर तिथल्या जंतूंनीही तीच खोड उचललेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या बशीत जंतूंच्या मधोमध स्वच्छ गोल पडला होता; तिथले जंतू मेले होते. दुपारी तो वाढला.

मग बायनाबाईंच्या बशीतही तसाच गोल उमटला. तिचं झाकण कुणीच उघडलं नव्हतं.

नंदा वॉर्डात धावली.

“ताई, ठणका बिलकुल न्हाई राह्यला,” बायनाबाई हसून म्हणाल्या.

नंदाने पट्टी सोडली. जखमेच्या मधोमध कोवळ्या, गुलाबी कातडीचा गोल होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत पसरत होता.