नायिका बसलेली असते

पेन्सिल पुन्हा घरंगळली आणि पोशाखांच्या कपाटाखाली शिरली. अभियंता बाई गुडघ्यांवर बसून बघत राहिल्या. रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता असतो. हा कोपरा मात्र कपाटाकडे उतरत होता.

"जुनी इमारत मॅडम, जमीन खचलीय," अण्णा म्हणाले. नाट्यगृहाचा कारभार त्यांच्याकडे होता. चाकांच्या खुर्चीसाठी रंगमंचापर्यंत उतार बांधल्याशिवाय परवाना मिळणार नव्हता, नाट्यगृहाला कुलूप लागणार होतं. अण्णा तरी उताराच्या नकाशावर सही करत नव्हते. "तारा बदला, दारं रुंद करा. पण रंगमंचाचं मूळ रूप बिघडवायचं नाही. माझी आई इथली नायिका होती."

"खचलेली जमीन इतकी सारखी उतरत नाही, अण्णा."

बाईंना आणखी एक कोडं होतं. इथल्या प्रत्येक नाटकात पडदा उघडतो तेव्हा नायिका बसलेली असते. शेवटी सगळे नट नमस्काराला पुढे येतात, ती येत नाही. का विचारलं, की नव्या मुलीही सांगत, "इथली रीतच आहे."

त्यांनी सुताराला कपाट सरकवायला सांगितलं. "राहू दे ना ते," अण्णा म्हणाले, पण तोवर ते सरकलं होतं.

मागे रुंद दार होतं. दारापलीकडे लाकडी उतार थेट मागच्या गल्लीत जात होता. फळ्यांवर दोन समांतर चाकोऱ्या झिजल्या होत्या.

"सामानाची हातगाडी असणार," सुतार म्हणाला.

"सामानाला कठडा कशाला?" बाईंनी कठड्यावरून बोट फिरवलं. तो कमरेच्याही खाली होता आणि हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. बसलेल्या माणसाचा हात.

अण्णा उंबऱ्यावर टेकले. "आई गेल्यावर कपाट मीच लावलं. शपथ घातली होती तिने. 'लोकांना कळलं तर राणी म्हणून कोण बघेल मला?' म्हणायची. पडदा पडला की मी खुर्ची ढकलत इथवर आणायचो. टाळ्या ती या दाराआडून ऐकायची."

बाईंनी नकाशावर पेन्सिलीने तो उतार आखला. मग बाई हळूच म्हणाल्या, "मग हाच उतार दुरुस्त करू. समोरून काही दिसणार नाही. तुमचं मूळ रूप तसंच राहील."

अण्णांनी नकाशा मागून घेतला, सही केली आणि कपाटामागच्या उतारावर काट मारली.

"मागून नको. समोरून बांधा, प्रेक्षकांच्या मधून."