शिवणीतलं कापड

बारावी झालेल्या रुखसारला बंगळुरूच्या फुटबॉल क्लबचं तीन वर्षांच्या कराराचं पत्र आलं. त्याच आठवड्यात जळगावच्या कॉलेजात प्रवेशही मिळाला. पिंप्राळ्यात शिलाईचं दुकान चालवणाऱ्या अब्बांनी दोन्ही बातम्या ऐकल्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी तिची मापं घेतली आणि कॉलेजचा गणवेश शिवायला बसले. रुखसार काय ते समजली. क्लबचं पत्र तिने गुपचूप कपाटात ठेवून दिलं.

संध्याकाळी तिने गणवेश घालून पाहिला.

"अब्बा, शिवणीत चार-चार बोटं कापड दाबलंय! मी काय आता लहान आहे का वाढायला?"

"तीन वर्षं खेळून अंग भरेल तुझं, बेटा," अब्बा सुईत दोरा ओवत म्हणाले. "परत आलीस की उसवून देईन."